एअर रायफलसाठी हलका पण चांगला स्कोप सुचवा (स्प्रिंग रायफल, 10 ते 25 मीटर)

पोफळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात आमचं नारळ-पोफळीचं आगर आहे. मागच्या दारापासून गडग्यापर्यंत सरळ मोकळी पट्टी मिळते, टेप लावून मोजली तर 26 मीटर भरते. तिथे रोज सकाळी ऊन चढायच्या आत कागदावर पन्नासेक छर्रे मारायचे, हा माझा गेल्या चार वर्षांचा परिपाठ. रायफल स्प्रिंगची, नळी मोडून भरायची, .177 (4.5 मिमी) कॅलिबरची. वर स्कोप बसवायला 11 मिमीची डोव्हटेल (खाचेची) पट्टी आहे.

दोन वर्षांपूर्वी हौसेने 6-24×50 स्कोप (नेमाची दुर्बीण) घेतला, म्हणजे 6 ते 24 पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग 50 मिमीचं, नळी 30 मिमीची. दुकानदार म्हणाला, जितकं मोठं भिंग तितका नेम पक्का. मी विश्वास ठेवला. आता तीन अडचणी आहेत.

पहिली वजनाची. सुपारी तोलायच्या काट्यावर ठेवून बघितलं. रायफल 3 किलो 150 ग्रॅम, स्कोप माउंटसकट (रायफलीवर बसवायच्या कड्यांसकट) 810 ग्रॅम. म्हणजे जवळपास चार किलो. गेल्या वर्षी डावा खांदा आखडला होता, अजून पूर्ण सुटलेला नाही. उभ्याने दहा छर्रे मारले की हात थरथरायला लागतो.

दुसरी अडचण, 12 मीटरच्या आत चित्र धूसर दिसतं. फोकसचं चाक शेवटपर्यंत फिरवलं तरी.

तिसरी गेल्या महिन्यातली. सकाळी डोळा लावला तर आतली नेमाची फुलीच तिरकी झालेली. चार दिवसांनी आडवी तार मधोमध तुटली. दुकानदाराकडे नेला तर म्हणाला, स्प्रिंग रायफलीवर लावलात ना, मग वॉरंटी लागू नाही. विकताना मात्र रायफल कोणती हे त्याने विचारलं नव्हतं आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

आता हवा तो असा: माउंटसकट अर्ध्या किलोच्या आसपास, 10 ते 25 मीटरला स्वच्छ दिसणारा, स्प्रिंगचा झटका सोसणारा आणि आमच्या पावसाळ्यात टिकणारा. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण हे परत होता कामा नये.

जुना_फिटर

पोफळीभाऊ, तुमच्या तिसऱ्या अडचणीचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच बहुतेकांचे पैसे बुडतात.

बारूदाची बंदूक उडाली की मागे येते, एकदाच. स्प्रिंगच्या एअर रायफलीत दोन झटके असतात. घोडा ओढला की आतलं पिस्टन जोरात पुढे धावतं, त्यामुळे रायफल आधी मागे सरकते. मग पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशी, दाबलेल्या हवेच्या गादीवर येऊन थांबतं आणि रायफल झटक्याने पुढे ओढली जाते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. ज्या स्कोपची भिंगं फक्त मागच्या झटक्याच्या हिशेबाने बसवलेली असतात, त्यांना हा उलटा, पुढचा झटका सोसत नाही. भिंगं सैल होतात, फुली फिरते, तार तुटते. म्हणून मोठ्या कॅलिबरच्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला महागडा स्कोपही छर्ऱ्याच्या बंदुकीवर मोडू शकतो.

खोक्यावर 'स्प्रिंग एअर रायफलसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या आणि बिलावर रायफलीचा प्रकार लिहून घ्या. दुसरं, फुली तारेची नको, काचेवर कोरलेली बघा. तुटायला तार नसली की एक दुखणं मुळातच कमी.

पीसीपी म्हणजे भरलेल्या हवेची रायफल असती तर हा प्रश्नच नव्हता. तिला झटका जवळजवळ नसतो.

आणि वजनाचंही इथे नातं आहे. स्कोप जितका जड, तितका तो झटक्याला जागच्या जागी राहू बघतो आणि सगळा ताण माउंटच्या स्क्रूंवर येतो. हलका स्कोप तुमच्या खांद्यासाठी चांगलाच, पण माउंटसाठीही चांगला.

आंजर्ले_किनारा

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. दुसऱ्या अडचणीबद्दल लिहिते, कारण धूसर दिसणं हे वरवरचं लक्षण आहे. खरा दोष पॅरलॅक्सचा.

बसच्या बाजूच्या सीटवरून ड्रायव्हरसमोरचा वेगाचा काटा बघितला तर आकडा चुकतो, कारण काटा आणि तबकडी एका पातळीत नसतात. स्कोपमध्ये तसंच. लक्ष्याचं चित्र आणि फुली एकाच पातळीत आली नाहीत, तर डोळा जरा इकडेतिकडे झाला की फुली लक्ष्यावरून सरकते. रायफल हललेली नसते, तरी छर्रा दुसरीकडे लागतो.

किती दुसरीकडे, हे मोजता येतं. पुढच्या भिंगाच्या व्यासाचा अर्धा भाग घ्या. स्कोप ज्या अंतराला जुळवलेला आहे ते अंतर आणि लक्ष्याचं अंतर यांतल्या फरकाने त्याला गुणा, मग जुळवलेल्या अंतराने भागा. समजा स्कोप 100 मीटरला कायमचा जुळवलेला आहे, भिंग 40 मिमी आणि लक्ष्य 20 मीटरवर. 20 गुणिले 80 भागिले 100, म्हणजे 16 मिमी. डोळा अगदी कडेला गेला तर एवढी चूक. छर्रा 4.5 मिमीचा आणि चूक साडेतीन छर्ऱ्यांएवढी! तेच भिंग 32 मिमीचं असेल तर पावणेतेरा मिमी. लहान भिंगाने वजन वाचतं आणि ही चूकही कमी होते.

म्हणून एओ हवं, म्हणजे पुढच्या भिंगाजवळची फिरती कडी, किंवा बाजूचं फोकसचं चाक. आणि त्यावरचा सगळ्यात लहान आकडा बघून घ्या. तो 10 यार्ड किंवा कमी असला पाहिजे. तुमच्या स्कोपला चाक आहे, पण ते जवळ येत नाही.

घरी तपासायची रीत: रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, हात लावू नका. स्कोपमधून बघत डोकं सावकाश वर-खाली, डावी-उजवीकडे न्या. फुली कागदावर हलली की पॅरलॅक्स आहे. कडी फिरवत ती स्थिर होईल तिथे थांबा.

खारवी

4×32 घ्या, एओवाला. भिंग फिरवायची भानगड नको. माझ्याकडे नऊ वर्षं आहे. 20 मीटरवर छर्ऱ्याचं भोक दिसतं, आणखी काय पाहिजे?

सुरंगी

खारवीदादांशी बरीचशी सहमत आहे. फक्त पोफळीकाका रोज पन्नास छर्रे मारतात, त्यांना 25 मीटरवर भोकं नीट मोजावीशी वाटतील. म्हणून 2-7×32 एओ सुचवेन. हॉक कंपनीच्या व्हँटेज मालिकेत हा मिळतो. बगबस्टर म्हणून यूटीजीचा एक आखूड स्कोप आहे, जेमतेम सव्वाआठ इंच लांब, तो तीन यार्डापासून फोकस होतो. लांबीला कमी असल्यामुळे नळी मोडताना हात अडत नाही.

मोठ्या भिंगाच्या मोहात पडू नका हे मात्र कळकळीने सांगते. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले स्कोप किती पट मोठं दाखवतो तो आकडा, म्हणजे मागून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी. 50 भागिले 24 म्हणजे दोन मिमी. डोळा नेमका त्या दोन मिमीत ठेवायचा, नाहीतर काळोख. 32 भागिले 4 म्हणजे आठ मिमी. पोफळीच्या सावलीत पहाटे डोळा लावल्या लावल्या चित्र दिसतं. शिवाय 24 पट मोठं केलं की हाताची थरथरही 24 पट दिसते, माणूस फुली आवरण्यातच दमतो.

30 मिमी नळी म्हणजे जास्त उजेड हाही गैरसमजच. तिचा उपयोग वर-खाली जुळवायला जास्त वाव मिळावा म्हणून. 25 मीटरसाठी एक इंची नळी पुरते आणि तिथेच बरेच ग्रॅम वाचतात.

मालवणी_गाववालो

स्कोप बदलूच्या आधी एक करा. स्टॉकचे (लाकडी दस्त्याचे) स्क्रू बघा, पुढचे दोन आणि घोड्याकडचो. माझ्या रायफलीचे छर्रे असेच फाकत होते, मी स्कोपाक दोष दिलंय, माउंट बदललंय. शेवटाक कळला, स्क्रूच ढिले! स्प्रिंगच्या झटक्यान ते आपसूक सुटतत. दर दोनशे छर्ऱ्यांक एकदा पाना लावा.

जुना_फिटर

गाववाल्यांचं अगदी बरोबर. आणि स्क्रू घट्ट केल्यावर धरायची पद्धतही बघा. स्प्रिंगची रायफल मुठीत आवळायची नाही. पुढचा हात उघडा ठेवून तळहातावर नुसती टेकवायची, तिला दोन्ही झटक्यांत मोकळेपणी सरकू द्यायचं. रोज सारखी सरकली तर छर्रे एका जागी पडतात.

देवगड_बागायत

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या कलमांत वानरांनी यंदा फार नुकसान केलं. मोहोर, कैरी, काही ठेवलं नाही. असा स्कोप लावून 30 मीटरवरून नुसतं घाबरवायला छर्रा मारला तर?

सुरंगी

दादा, नुकसान किती जिव्हारी लागतं ते मला माहीत आहे, माझ्या माहेरीही कलमं आहेत. पण हे करू नका. वानराला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं संरक्षण आहे, छर्रा मारून जखमी करणं हाही त्या कायद्याने गुन्हाच. आणि छर्ऱ्याने ते घाबरून जात नाही. छर्रा मांसात रुतून बसतो, जखम चिघळते, जनावर आठवडाभर तडफडत कुठेतरी झाडीत मरतं. एका मादीच्या मांडीत असा छर्रा मी पाहिलेला आहे. पोर पोटाला धरून ती तीन पायांवर चालत होती.

नुकसानीचा पंचनामा करून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करा.

देवगड_बागायत

समजलं ताई. मारणार नाही.

जुना_फिटर

कायद्याचंच आणखी एक, नव्याने घेणाऱ्यांसाठी. शस्त्र नियम 2016 प्रमाणे एअर रायफल 4.5 मिमीपर्यंतची आणि 20 जूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. त्यावर गेली की लागतो. बिल जपून ठेवा.

पोफळीभाऊ, तुमच्या पट्टीच्या टोकाला गडगा आहे म्हणालात. कागद थेट चिऱ्यासमोर लावता का? तसं असेल तर आजपासून बंद करा. छर्रा चिऱ्यावरून उसळून परत येतो. लाकडी खोकं करा, हातभर खोल, आत कोरडी वाळू किंवा जुन्या कपड्यांचे घट्ट बोळे. समोर कागद. चष्मा लावल्याशिवाय एकही छर्रा नको. शिशाचे छर्रे खोक्यातच राहतात, आगराच्या मातीत आणि विहिरीच्या बाजूला जात नाहीत, हा दुसरा फायदा. छर्रे हाताळल्यावर हात धुवा.

वाशिष्ठी

एक शंका. माझी पुतणी चिपळूणला कॉलेजात आहे, तिला 10 मीटरच्या स्पर्धेत उतरायचं आहे. तिलाही असाच हलका स्कोप घ्यावा का?

आंजर्ले_किनारा

नाही, तिच्यासाठी स्कोप घेऊच नका. ऑलिम्पिकच्या नियमांनी चालणाऱ्या 10 मीटर एअर रायफलमध्ये भिंगाच्या दुर्बिणीला परवानगी नाही. मागे बारीक छिद्राची साइट आणि पुढे गोल कडी, एवढंच. दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा असतो आणि तो असाच साधायचा. अभिनव बिंद्राचं 2008 चं बीजिंगचं सुवर्ण त्याच प्रकारातलं. आपल्या राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तिथेही दुर्बीण नसते.

स्कोप चालतो तो फील्ड टार्गेटमध्ये. तिथे 8 ते 50 मीटरवर लोखंडी पाखरं पाडायची असतात आणि अंतर कोणी सांगत नाही. तिथले लोक मोठ्या भिंगाचे जड स्कोप मुद्दाम वापरतात, कारण फोकसच्या चाकावरून ते अंतर काढतात. पोफळीकाकांना विकलेला स्कोप बहुधा त्या कामाच्या धाटणीचा असावा.

सागरवेळ

पावसाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी कॅमेऱ्याच्या भिंगांमुळे शहाणा झालो. वेंगुर्ल्याला समुद्रापासून दोनशे पावलांवर घर. एका जूनमध्ये दुर्बीण तिच्या चामडी पिशवीत ठेवून कपाटात टाकली. गणपतीत काढली तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. ती काचेवरचा मुलामा खाते, पुसून जात नाही.

तेव्हा: चामड्याची किंवा कापडाची पिशवी नको, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि आत सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर परत निळे करायचे, पण त्यासाठी तवा वेगळा ठेवा, स्वयंपाकाचा नको. रायफल डब्यात मावत नाही, म्हणून मी जूनमध्ये स्कोप माउंटसकट उतरवून ठेवतो आणि दसऱ्याला पुन्हा झीरो करतो, म्हणजे फुली आणि छर्रा एका जागी जुळवून घेतो.

खरेदी करताना नायट्रोजन भरलेला आहे का ते बघा. आत कोरडा वायू असला की बाष्प धरत नाही. घरी आल्यावर एसी खोलीत तासभर ठेवा आणि एकदम पडवीत आणा. बाहेरच्या काचेवर धुकं येणारच, ते विरतं. पण आत धुकं दिसलं तर सील गेलेलं आहे, त्याच दिवशी परत करा.

काच कोरड्या कापडाने घासू नका. आपल्याकडच्या हवेत तिच्यावर मिठाचे कण बसलेले असतात, ते मुलाम्यावर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने हवा मारायची, मग मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड पाण्याने जरासं ओलवलेलं मायक्रोफायबर. माउंटचे स्क्रू काळ्या लोखंडाचे असतील तर त्यांना बोटाने नुसतं तेल दाखवा, नाहीतर श्रावणापर्यंत तांबडे होतात.

पोफळी

सगळ्यांचे मनापासून आभार. सविस्तर सांगतो, म्हणजे पुढे कुणी शोधत आला तर उपयोग होईल.

आधी गाववाल्यांचं ऐकलं. पुढचे दोन्ही स्क्रू अर्धा फेरा ढिले होते! घट्ट केले. गडग्यासमोर मी खरंच कागद लावत होतो, फिटरकाका. आता फणसाच्या फळ्यांचं खोकं केलंय, आत वाळू.

सुरंगीताईंनी सांगितलेला 2-7×32 एओ घेतला. स्प्रिंगसाठी असल्याचं लिहिलेला, काचेवर कोरलेल्या फुलीचा. काट्यावर माउंटसकट 520 ग्रॅम. जुन्यापेक्षा 290 ग्रॅम कमी. ऐकायला थोडे वाटतात, पण ते रायफलीच्या वरच्या अंगाने कमी झालेत. आधी उभ्याने धरली की रायफल डावीकडे कलंडू बघायची, ती आता सरळ राहते. भिंग लहान असल्याने माउंटही बुटकं चाललं, गाल लाकडावर नीट टेकतो.

माउंट अखंड एका तुकड्याचं घेतलं, खाली अडसराची पिन असलेलं. डोव्हटेलवरचं तेल स्पिरिटने पुसून काढलं. पिन पट्टीवरच्या भोकात बसवली, मग खालचे स्क्रू, मग वरच्या कड्यांचे, समोरासमोरचे आळीपाळीने पाव-पाव फेरा. माउंटच्या मागच्या कडेला डोव्हटेलवर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवली. जुना स्कोप दर महिन्याला दोन मिमी मागे सरकायचा, हे मला रेघ मारेपर्यंत कळलंच नव्हतं. आज 300 छर्रे झाले, रेघ जागेवर आहे.

झीरो आधी 10 मीटरवर मोठ्या कागदावर ढोबळ केला, मग 20 वर नेमका. 20 मीटरवर छर्रे सहा सेंमी खाली पडत होते. माझ्या स्कोपच्या जुळवायच्या चकतीचा एक टिचका पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग), म्हणजे 20 मीटरवर साधारण दीड मिमी. 41 टिचके वर घेतले आणि छर्रे मधोमध आले. टेकून मारलेले पाच छर्रे आता रुपयाच्या नाण्याखाली झाकतात.

एक गोष्ट नव्याने समजली. 25 मीटरला झीरो करून 5 मीटरवर मारलं तर छर्रा दोन सेंमी खाली लागतो. आधी वाटलं स्कोप बिघडला. मग लक्षात आलं, नळी स्कोपच्या चार-साडेचार सेंमी खाली आहे. छर्रा खालून निघून नजरेच्या रेषेला जाऊन मिळायला त्याला अंतर लागणारच.

आंजर्ले_किनारा

छान मोजलंत! एओ कडीवरच्या छापील आकड्यांवर मात्र विसंबू नका. तुमच्या पट्टीवर 10, 15, 20, 25 ला खुंट्या ठोका, प्रत्येक अंतराला फुली स्थिर होईपर्यंत कडी फिरवा आणि तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या.

पोफळी

दिले, चार रंगांत. छापील 20 आणि माझ्या खऱ्या 20 मध्ये कडी चांगली बोटभर पुढे आहे.

खारवी

खांदा कसा आहे?

पोफळी

काल उभ्याने 25 मारले. शेवटच्या पाचांना हात जड झाला, पण थरथरला नाही.